आमच्या आजीची खानावळ (आणि तिला ‘अन्नपूर्णा’ का म्हणू नये)

खाडीपल्याड

गेल्या महिन्यात आजी गेली. वय ९१. शेवटचे दोन दिवस सोडले तर शुद्धीवर होती, बोलत होती, आणि दूधवाल्याचा हिशोब चुकलाय म्हणून सांगत होती. (चुकलाच होता. दोन दिवस अर्धा लिटर जास्त लावलं होतं.)

तेराव्याला घरी बरीच माणसं आली. त्यात आम्ही कधीही न पाहिलेले दहा-बारा जण, सगळे सत्तरीच्या पुढचे. जेवता जेवता प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, ‘अन्नपूर्णा होती हो’. सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली तेच. काकाने छापून घेतलेल्या कार्डावरही तेच. मला तो शब्द ऐकून ऐकून राग यायला लागला. का येतोय ते कळेना, म्हणून लिहायला बसले. लांबलंय, सांभाळून घ्या.

आजीची खानावळ होती. ठाण्यात, वागळे इस्टेटला, किसननगरच्या अंगाला. १९६२ साली एमआयडीसी निघाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. शेड उभ्या राहत होत्या, गावाकडून पोरं येत होती, दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ जण पाळीप्रमाणे झोपत होते. एक उठून कामाला गेला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा आडवा. झोपायचं असं भागलं, जेवायचं काय? आजोबा एका कारखान्यात प्रेसवर होते. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. भरपाई म्हणून जे हातात पडलं त्यात आजीने दोन टोप, एक परात आणि पाटा-वरवंटा घेतला आणि गावच्याच चार पोरांना खोलीत जेवायला घातलं. पहिल्या दिवसापासून पैसे घेऊन. हे मुद्दाम सांगतेय.

चारचे अकरा झाले, अकराचे तीस. मग रस्त्याकडचा एक गाळा भाड्याने. भिंतीला लाकडी बाकं, वर दोन पंखे, त्यातला एक फिरायचा. पाटीवर आमच्या गावदेवीचं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे म्हणायचे ‘काकीकडे’.

जेवण मालवणी. दुपारी भात, माशाची आमटी, दोन चपात्या, एखादी भाजी, सोलकढी. तळलेली तुकडी जादा पैशाने. रात्री बहुतेक वेळा उसळ किंवा कुळथाची पिठी. सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि अख्खा श्रावण शाकाहारी. बाकीच्या पावसाळ्यात होड्या बंद, मासळी महाग, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये भरून ठेवलेला सुका जवळा, बोंबील आणि खारा बांगडा निघायचा. ताजं मासं चेंदणीच्या कोळीणमावशी आणून द्यायच्या. त्यांच्यात आणि आजीत भावावरून रोज इतकं भांडण व्हायचं की नवीन मेंबर जेवता जेवता उठून बघायला यायचा. जुने मेंबर ताटातून मान वर करत नसत. दोघींचं पंचवीस वर्षं जमलं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आजी मोजायची. सगळं मोजायची. सहा पानांमागे एक नारळ. किलोभर तांदळात सहा माणसं, पण दुसऱ्या पाळीची पोरं असतील तर पाचच, कारण तीन वाजता मशीनवर उभं राहायच्या आधी ती तुडुंब जेवतात. बांगड्याचे तीन तुकडे, डोकं धरून. डोकं ज्याच्या वाटणीला येईल त्याला आमटी अर्धा डाव जास्त. भात शिजला की टोपात उलथण्याच्या दांड्याने रेघा मारून भाग पाडायची. कोणाला जास्त हवं असेल तर वाढायची, नाही म्हणायची नाही, पण ते जास्तीचं कुठून निघणार हे तिच्या डोक्यात आधीच ठरलेलं असायचं. तिचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे: ‘उरला तर नुसकान, पुरला नाय तर लाज.’ या दोन टोकांमधली जागा बोटभर असते. तीस वर्षं ती रोज दोनदा त्या बोटभर जागेत उभी राहिली.

इंधनाचंही तेच. सुरुवातीला भुशाची शेगडी होती. तरुण मंडळींनी पाहिली नसेल म्हणून सांगते. पत्र्याचा गोल डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध एक दांडा उभा धरायचा, खालच्या भोकातून दुसरा आडवा सारायचा, भोवती लाकडाचा भुसा ठासून ठासून भरायचा आणि मग दोन्ही दांडे अलगद काढून घ्यायचे. आत काटकोनातलं बीळ तयार होतं, त्यातून आग वर चढते. भुसा वखारीत जवळजवळ फुकट मिळायचा आणि एकदा पेटली की तीन-चार तास एकसारखी आच. अडचण एकच, मध्ये भर घालता येत नाही. म्हणजे स्वयंपाक त्या तीन तासांतच बसवायचा. आधी काय चढवायचं, मग काय, शेवटच्या मंद आचेवर काय, सगळं पहाटे चार वाजता ठरलेलं. भुसा ओलसर निघाला तर सगळंच गडगडायचं. पावसाळ्यात ती भुशाची पोती माळ्यावर ठेवायची आणि आम्हाला खाली झोपवायची, असं बाबा अजून चिडून सांगतात. पुढे गॅस आला तेव्हा म्हणे ती आठवडाभर नुसती बटण फिरवून ज्योत लहान-मोठी करून बघत होती.

बँकेची गोष्ट. गाळा वाढवायला कर्ज हवं होतं. एका बँकेत गेली. साहेबांनी विचारलं, यजमान काय करतात? म्हणाली, वाढतात. (खरंच होतं, आजोबा डाव्या हाताने वाढायचे.) साहेब हसले आणि यजमानांना घेऊन या म्हणाले. ती परत गेली नाही. आसपासच्या बारा बायकांची भिशी काढली, पहिला हप्ता स्वतः उचलला आणि गाळा वाढवला.

तर हे सगळं करणाऱ्या बाईला अन्नपूर्णा म्हटलं की काय होतं? अन्नपूर्णेला भाजीवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. तिचं भांडं आपोआप भरतं. आजीचं भरत नव्हतं, ती भरायची. आजोबांना कोणी ‘फिटरदेव’ म्हणालं नसतं, ‘चांगले कारागीर होते’ म्हणाले असते. आजी चांगली धंदेवाली होती, एवढंच कोणी म्हणालं असतं तर मला आवडलं असतं.

तिच्या ट्रंकेत वह्या सापडल्यात. अकरा. कुरतडलेल्या, पण वाचता येतात. मेंबर, खाडे, जमा, बाकी, फुटतूट. इथे कोणी तिच्याकडे जेवलेलं असेल तर लिहा. फक्त गोड गोड नको.

नौपाडाकर

सुंदर लिहिलंयस. आजींना आदरांजली. पण अन्नपूर्णा म्हणण्यात वाईट काय आहे हे खरंच कळलं नाही. आपल्याकडे कौतुकाचा याहून मोठा शब्द नाही. माणसं प्रेमाने बोलतात, त्यात एवढं काय शोधायचं. हलके घ्या.

तिरफळ

+१ धागाकर्तीला. माझी आई घरगुती डबे द्यायची. ती गेल्यावर सगळे म्हणाले ‘हाताला चव होती’. हाताला चव होती हे खरं, पण वीस डबे सकाळी साडेनऊला दाराबाहेर ठेवायला हाताला चव असून भागत नाही, डोक्यात घड्याळ लागतं. ते कोणी म्हणालं नाही.

अवांतर: आमटीत तिरफळं घालायच्या का आजी? आणि ठेचून की अख्खी?

पहिलीपाळी

मी जेवलोय काकीकडे. १९७१ ते ७८. वय आता ७४ आहे, टाइप करायला नात मदत करतेय, तिचे आभार.

मी सातारा जिल्ह्यातला. मासे माहीत नव्हते. पहिल्या दिवशी पानात बांगड्याचं डोकं आलं, ते माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे. काकी लांबून म्हणाली, ‘बघतंस काय, तो मेलेलो आसा.’ हसून हसून पुरेवाट. तेव्हापासून खायला लागलो, ते आजतागायत.

महिन्याचे दोन वेळचे ४५ रुपये असत, पुढे वाढत गेले. खाड्याचा नियम कडक. आदल्या रात्री सांगितलं तरच खाडा धरणार आणि सलग तीन दिवस असतील तरच. नाही सांगितलं तर जेवा न जेवा, पैसे द्या. आम्ही कुरकुरायचो. आता कळतं, तिने सकाळी माझ्या नावाचा तांदूळ धुतलेला असायचा.

७२च्या दुष्काळात रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला होता. त्याची भाकरी तव्यावरून उचलली की तुटायची. बऱ्याच खानावळींनी ती चपातीच्या नावाखाली वाढली. काकीने दारात फळीवर खडूने लिहून घेतलं होतं, ‘आज मिलो आहे. परवडत नाही म्हणून.’ मला तेव्हा त्या फळीची गंमत वाटली होती. एवढी वर्षं झाली, तसं लिहिणारं हॉटेल परत पाहिलं नाही.

रविवारी दुपारी फिस्ट असायची. कोंबडीची सागोती आणि वडे, माणशी पाच. एकदाच, एका रविवारी, चार दिले. का ते सांगितलं नाही. आम्ही त्यावर महिनाभर चर्चा केली होती.

खाडीपल्याड

@पहिलीपाळी काका, अंगावर काटा आला. ‘आज मिलो आहे’ ही गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. नातीला माझ्याकडून खाऊ.

@तिरफळ, बांगड्याच्या आमटीत घालायची, पाच-सहा जणांमागे सात-आठ तिरफळं. बिया काढून, पाण्यात किंचित ठेचून, अगदी शेवटी. वाटणाबरोबर वाटायची नाही, कडू होतं म्हणायची. सुरमईला घालायची नाही. का विचारलं तर, ‘सुरमयेक स्वताची चव आसा.’

@नौपाडाकर, वाईट काही नाही हो. पण देवी म्हटलं की पगार विचारायचा नसतो.

गिरणगावची_लेक

शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय.

माझी आजी लालबागला खानावळवाली होती, गिरणी कामगारांची. तिकडे हेच चालायचं. पंचवीस-तीस मेंबर, पगाराच्या दिवशी पैसे, तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. हिला गिऱ्हाईक देणार महिनाअखेर आणि वाण्याला हवेत आज, मधला सगळा भार हिच्या अंगावर. गळ्यातलं गहाण पडायचं ते याच मधल्या दिवसांत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठीच, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तेव्हा धागाकर्तीला एक सांगायचं, अन्नपूर्णा हा शब्द त्या बायकांनी स्वतः घेतला होता, आणि घेऊन थेट बँकेच्या दारात गेल्या. शब्द कोण वापरतं यावर आहे सगळं.

खाडीपल्याड

हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे मंडळाचं नाव ऐकलं होतं, पण असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. थोडी गप्प झाले. आजीला ठाण्यात असं काही सापडलं असतं तर त्या साहेबांपुढे एकटी गेली नसती.

गणितातकच्चा

इथे भावुक वातावरण आहे, पण मला कोणीतरी हिशोब समजावून सांगा. सहा पानांमागे एक नारळ म्हणजे वाटण आणि सोलकढी दोन्ही मिळून? आमच्या घरी चौघांच्या सोलकढीलाच एक संपतो.

तिरफळ

तुमच्या घरी पहिल्या दुधावर थांबत असाल. खानावळीत तीनदा पिळतात. :)

खाडीपल्याड

तीनदाच. पहिलं दाट दूध सोलकढीला, दुसरं आमटीला, तिसरं उसळीत. चोथा वाळवून दुसऱ्या दिवशीच्या सुक्या चटणीत. करवंट्या बंबाला. आजीकडून नारळाचं काही सुटलं तर फक्त त्याचा आवाज.

कोपरखैरणे_कँटीन

हा धागा मला भाच्याने पाठवला. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. तुम्ही गोड नको म्हणालात म्हणून लिहितो.

मी तुमच्या आजीकडे कामाला होतो. कणकवलीकडचा. आलो तेव्हा तेरा वर्षांचा. भांडी घासायला. पहाटे साडेचारला उठायचं, रात्री अकराला झोपायचं, बाकावरच. माझ्यासारखी अजून दोन पोरं होती. जेवण पोटभर, मेंबरांना जे तेच, त्यात कधी भेद केला नाही. पगार गावी मनिऑर्डरने जायचा, पावती मला दाखवायची. हे चांगलं.

कप फुटला की पैसे कापायची. दोनदा मारलंय, एकदा उलथण्याने. भुशाच्या शेगडीच्या धुराने डोळे जायचे. कारखान्यातली माणसं युनियनच्या गोष्टी आमच्यासमोर बसून बोलायची आणि ताटं आम्ही उचलायचो. गंमत वाटते आता.

तेराव्याला कोणीतरी म्हणालं म्हणे की काकीने पोरांना रात्रशाळेत घातलं. घातलं होतं. मी तीन महिन्यांत सोडली. ती काही बोलली नाही. बोलली नाही कारण रात्रीची भांडी घासायला माणूस हवा होता. मला तेव्हा बरंच वाटलं, शाळा नको होती. पण तिने एक कानफटात मारून पाठवलं असतं तर आज वेगळं काही झालं असतं का, हा विचार येतो. कप फुटल्यावर मारायची ना.

आता माझं कँटीन आहे, तीन ठिकाणी. नारळाचं, तांदळाचं सगळं माप तिचंच वापरतो. वाईट वाटून घेऊ नका. ती मला रोज आठवते, जे आहे ते असं आहे.

नौपाडाकर

काका, खूप मोठं मन लागतं हे लिहायला.

पहिलीपाळी

तू म्हणजे तो माशांची हाडं मांजरांना घालायचास तो का रे? काकी ओरडायची, मांजरं सोकावतात म्हणून. बाळा, आम्ही युनियनच्या गोष्टी करायचो खऱ्या. तुझ्याकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही.

कोपरखैरणे_कँटीन

मीच तो. तुम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसायचात, पंख्याखाली. न फिरणाऱ्या.

खाडीपल्याड

दोन दिवस उत्तर सुचलं नाही. काल बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग तुमचं घरचं नाव घेऊन म्हणाले, ‘तो माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. मी शाळेत जायचो तेव्हा तो परात घासत असायचा.’ एवढंच. मी वहीत बघितलं. तुमची मनिऑर्डर दर महिन्याच्या सात तारखेला लिहिलेली आहे, एकही चुकलेली नाही. आणि कपांची कापलेली रक्कमही लिहिलेली आहे, एकही सुटलेली नाही. दोन्ही त्याच अक्षरात.

मी ती मोजायची म्हणून कौतुकाने लिहिलं. मोजण्यात तुमचीही वर्षं होती हे लिहायला हवं होतं. भेटायला आलेलं चालेल का?

कोपरखैरणे_कँटीन

या की. रविवार सोडून कधीही. जेवायलाच या. पैसे घेणार नाही, पण तिला सांगू नका.

रोडनंबर१६

मी नंतरचा, नव्वदच्या दशकातला. आमच्या वेळी मेंबर निम्मे झाले होते. एकेक कंपनी टाळं लावत होती किंवा बाहेर जात होती. ज्या शेडमध्ये आम्ही लेथ चालवला तिथे पुढे काचेच्या इमारती आल्या आणि त्यातली मुलं आपापल्या कँटीनमध्ये जेवायला लागली. काकींनी राईस प्लेट सुरू केली, मग चहा-भजी, मग पार्सल. पण त्यांचं मन मासिक मेंबरातच होतं. म्हणायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला काय वाढायचं, त्याने काल काय खाल्लं ते आपल्याला माहीत नाही.

माझी कंपनी बंद पडली तेव्हा माझे दोन महिने थकले होते. इथे सगळ्यांना वाटेल त्यांनी सोडून दिले. नाही. म्हणाल्या, ‘पैशे देवन जा. माझ्या पोरांका पण जेवक व्हया.’ पण ‘देवन जा’ म्हणजे आज नाही. दर महिन्याला पन्नास असं ठरवून दिलं. नवी नोकरी भिवंडीला लागली, तिथून येऊन देत होतो. शेवटचे पन्नास दिले तेव्हा वही समोर ठेवून माझ्याच हाताने रेघ मारायला लावली. माफ केले असते तर मी त्या रस्त्याने परत कधी गेलो नसतो.

गिरणगावची_लेक

वा.

सहजआले

मला एक विचारायचं आहे, गणपतीत खानावळ बंद असायची का? माझे वडील सांगायचे की वागळेला गणपतीत उपाशी मरायची पाळी येते.

खाडीपल्याड

दहा दिवस पूर्ण बंद. मालक, वाढपी, मेंबर सगळेच एसटीने कोकणात. घाटावरच्या मेंबरांचे हाल व्हायचे, तुमचे वडील त्यातले असणार. वहीत दर भाद्रपदात दहा दिवसांचे पैसे सगळ्यांचे वजा केलेत, न सांगता. तो तिचा खाडा, असं ती म्हणायची.

१९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा उलटं होतं म्हणे. गाड्यांचं खरं नाही, गावी जाऊ म्हणणारी पोरं अडकून पडली, आणि डोंबिवली-कल्याणची काही कामगार मंडळीही कारखान्यातच मुक्कामाला. त्या वीस दिवसांत वहीत जवळपास दुप्पट जेवणारे आहेत. त्याच कमाईतून वाट्या घेतल्या. स्टीलच्या, ७२. प्रत्येकीवर आजोबांच्या नावाची अक्षरं आणि खाली नंबर. भांड्यांच्या दुकानात तो कोरणारा बसलेला असतो, तो म्हणाला, नाव कोरतात, नंबर कशाला? आजी म्हणाली, नावावरून कोणाची ते कळतं, नंबरावरून कुठली गेली ते कळतं. घरी आता ६८ आहेत. चार वर्षानुवर्षं गायब.

पहिलीपाळी

हे वाचून काल रात्री झोप आली नाही.

आमच्या घरी एक वाटी आहे. देवघरात पळी-पंचपात्राशेजारी असते, तीर्थाला. खाली नंबर ४१. मी गावी जाताना डब्यात उसळ भरून घेतली होती, वर झाकण म्हणून ती वाटी उपडी घातली. परत आणेन म्हणालो, मनातल्या मनात. मग लग्न ठरलं, मग राहिलंच. हिला मी सांगितलंय की आईकडून आली. नात आता टाइप करताना हसतेय, म्हणजे घरात कळलंच.

वाटी पाठवू का?

खाडीपल्याड

काका, थांबा. वही बघते.

खाडीपल्याड

सापडलं. फुटतूटीच्या पानावर: ‘वाटी ४१ गेली. सव्वादोन.’ पुढे कोणाचं नाव नाही. त्याच्याखाली दुसऱ्या शाईत, आठवड्याने: ‘रविवार. वडे ४. वसूल.’

तेव्हा वाटी तुमचीच. पैसे आलेत.

रोडनंबर१६

😂😂

पहिलीपाळी

म्हणजे महिनाभर ज्या चोराला शिव्या देत होतो तो मी.

गणितातकच्चा

पण सव्वादोन रुपयांसाठी साठ मेंबरांचा एकेक वडा म्हणजे जरा जास्तच वसूल झाले की. पीठ, तेल धरून?

कोपरखैरणे_कँटीन

मजुरी धरा.